भूक पोटात की डोक्यात?

(सोसायटीतील ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वजन कमी करायच्या इंजेक्शनांवर चार शब्द बोला, असं कमिटीनं सांगितलं. मी डॉक्टर नव्हे, बँकेतला माणूस. पण कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय अजून सुटलेली नाही. तेव्हा वाचून जेवढं पक्कं कळलं तेवढंच सांगतो.

मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही आपल्या देशात आलं. वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइड या औषधाचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलं, म्हणजे आता देशी कंपन्यांना ते बनवायची वाट मोकळी. मुंबई-पुण्याची ही गोष्ट आष्ट्यात, आपल्या कट्ट्यावरही आली ती अशी.

हे इंजेक्शन चरबी वितळवतं असा पुष्कळांचा समज आहे. तसं नाही. आपण जेवलो की आतडं जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडतं. शाखेनं हेड ऑफिसला ‘भरणा झाला’ असं कळवावं, तसा हा मेंदूला निरोप. पण शरीरातलं एक एन्झाइम तो दोन-तीन मिनिटांतच मोडून टाकतं. आपल्यातले कितीतरी जण शुगरसाठी वाइल्डाग्लिप्टिन किंवा सिटाग्लिप्टिन घेतात; ती गोळी त्या एन्झाइमलाच अडवते. इंजेक्शन पुढची पायरी. त्यात त्या संप्रेरकासारखाच, पण आठवडाभर टिकणारा रेणू असतो. मौंजारो तर असल्या दोन संप्रेरकांची नक्कल करतं.

या शोधाचा एक धागा अमेरिकेतल्या वाळवंटी सरड्यापर्यंत जातो. गिला मॉन्स्टर त्याचं नाव. डॉ. जॉन इंग यांना १९९२ मध्ये त्याच्या विषात जीएलपी-१ सारखा, पण जास्त टिकणारा पदार्थ सापडला. त्यावरून बनवलेलं मधुमेहाचं औषध २००५ मध्ये बाजारात आलं. पालीला किळसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं!

आता मुख्य मुद्दा. हा निरोप मेंदूत पोचतो कुठं? एक म्हणजे हायपोथॅलॅमसमध्ये, जिथं भूक आणि तृप्तीचा हिशेब चालतो. दुसरं, मेंदूच्या मागच्या-खालच्या भागात, जिथून मळमळही उठते. म्हणून तर सुरुवातीला कित्येकांना मळमळतं, उलट्या होतात. आणि तिसरी जागा आवडीची, हव्यासाची. पोट तट्ट भरलंय, तरी कपाटातला भडंगाचा डबा हाक मारतो, ती भूक पोटाची नव्हेच. औषध घेणारे सांगतात, की ही हाक बारीक होते, काहींची तर बंदच होते. २०१७ साली ३० स्थूल माणसांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १२ आठवडे सेमाग्लुटाइड दिल्यावर, मनाला येईल तेवढं खा म्हटलं तरी त्यांचं खाणं २४ टक्क्यांनी कमी भरलं, आणि तेलकट-तुपकट पदार्थांची ओढही घटली.

मला यातलं हेच महत्त्वाचं वाटतं. आपण एखाद्या जाड मुलीला हळदीकुंकवात, लग्नाच्या पंगतीत सरळ सुनावतो, ‘बाई, जिभेला जरा आवर घाल.’ आठवड्याच्या एका सुईनं जर ती ओढ गप्प होते, तर तो तिच्या स्वभावाचा दोष कसा? डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं ऐकून दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांत जेवणारी माणसं आपल्याकडे आहेत. कुणाला ते सहज जमतं, कुणी आठव्या दिवशी मोडतं. दोघांच्या डोक्यातला आवाज सारखा नसतो, हे आपण कधी धरतच नाही. निदान लेकी-सुनांच्या ताटाकडे बघणं तरी आपण थांबवावं.

आता खर्चाची बाजू. १,९६१ जणांच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्के उतरलं. पण त्यातल्या काहींचं औषध थांबवून वर्षभर पाहिलं, तेव्हा उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं. निरोप बंद, की भूक हजर. शिवाय चरबीबरोबर स्नायूही झिजतात. आपल्या वयात जिना चढायचा तो स्नायूंवरच, तेव्हा डाळ, दूध, अंडी आणि थोडा व्यायाम यात काटकसर नको.

आणि काट्यावर फार विसंबू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन यडकिन यांचा जोड फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण चरबी मोजली तर इंग्रजाची ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकराची २१.२! त्यामुळे औषध कुणाला हवं, हे शेजाऱ्याच्या आकारावरून ठरत नाही. पोटाचा घेर, शुगर, घरातला आजार सगळं पाहावं लागतं. जे इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेतात त्यांची शुगर एकदम खाली जाऊ शकते. पित्ताशयात खडे, स्वादुपिंडाला सूज, असंही होऊ शकतं. दुकानातून परस्पर आणून टोचायचं हे काम नव्हे.

आता प्रश्न विचारा. फक्त ‘मी किती डोस घेऊ?’ हा प्रश्न नको. त्याला तुमच्या डॉक्टरांकडेच रांगेत बसावं लागेल.