‘बाई, माझं झालं!’



 मुख्याध्यापक-शिक्षकांच्या या अधिवेशनाचा अध्यक्ष म्हणून मी आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे. वर्गात ज्या मुलाचं सगळ्यांच्या आधी होतं, त्याला आपण पुढे काय देतो?

पस्तीस मिनिटांची तासिका. फळ्यावर पाच उदाहरणं. दहाव्या मिनिटाला मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘बाई, माझं झालं!’ यावर आपली उत्तरं ठरलेली आहेत. ‘पुढचा उदाहरणसंग्रह सोडव.’ ‘शेजारच्याला समजावून सांग.’ ‘गप्प बस, बाकीच्यांचं होऊ दे.’ नाहीतर हातात खडू द्यायचा आणि बडबड करणाऱ्यांची नावं लिहायला फळ्यापाशी उभं करायचं. शेजारच्याला समजावून सांगणं चांगलंच, पण रोज तेच काम दिलं तर त्या मुलाच्या बुद्धीला स्वतःचं काम मिळत नाही. पुढचा संग्रह म्हणजे जे येतं तेच आणखी दहा वेळा. आठवी-नववीपर्यंत तो आवाज बंद होतो. लवकर झालं तरी बोलायचं नाही, हे मूल शिकून घेतं. पुढे आपणच म्हणतो, ‘लहानपणी फार हुशार होता हो, मग कुठे गेलं ते कळलं नाही.’ ते आपल्याच वर्गात गेलं.

महाराष्ट्रात हुशार मुलांसाठी कोणी काही केलं नाही, असं मी म्हणणार नाही. शिष्यवृत्ती परीक्षेची परंपरा जुनी आहे. राष्ट्रीय पातळीवरचा विज्ञान प्रज्ञाशोध १९६३मध्ये सुरू झाला. देशातल्या पहिल्या दोन नवोदय विद्यालयांपैकी एक आपल्या अमरावती जिल्ह्यात उघडलं. मुंबईच्या विज्ञान अध्यापक मंडळाची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा लेखी परीक्षेवर थांबत नाही, मुलांना प्रयोग आणि प्रकल्पही करायला लावते. आणि पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२मध्ये ज्ञान प्रबोधिनी स्थापन करून, १९६९मध्ये तिची प्रशाला सुरू करून, बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा विचार किती गांभीर्याने करता येतो ते दाखवलं. या सगळ्यांबद्दल मला आदर आहे.

पण या सगळ्यांत निवड आधी होते आणि आव्हान नंतर येतं. माझी काळजी निवड न झालेल्यांची आहे, आणि निवड झालेल्यांच्या उरलेल्या दिवसाचीही. आपल्या शाळांत काय चालतं? जूनमध्ये वीस-पंचवीस मुलं बाजूला काढायची, शाळा भरण्याआधी जादा तास घ्यायचे, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्यायच्या, गोल रंगवायचा सराव द्यायचा. निकाल लागला की फाटकावर फ्लेक्स. साडेदहाला तेच मूल आपल्या नेहमीच्या वर्गात जातं आणि तिथे त्याच्यासाठी काहीच नसतं. ‘अ’ तुकडीची गोष्ट अशीच. सगळी ‘हुशार’ मुलं एका खोलीत बसवली की आपलं कर्तव्य संपलं असं वाटतं, आणि ‘ड’ तुकडीत अवघड प्रश्न विचारायचाच नसतो हे शिक्षकांनाही न सांगता कळतं.

मला या क्रमालाच हरकत आहे. अवघड प्रश्न आधी सगळ्या वर्गापुढे ठेवावा. कोण कुठपर्यंत जातं ते मग दिसेल.

एक उदाहरण देतो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीला शाळाशिक्षक होते. १९४९मध्ये त्यांनी मद्रासच्या गणित परिषदेत ६१७४ या संख्येची करामत मांडली. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करायची आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करायचं. ३५२४ घ्या. ५४३२मधून २३४५ गेले, राहिले ३०८७. ८७३०मधून ०३७८ गेले, राहिले ८३५२. ८५३२मधून २३५८ गेले, राहिले ६१७४. कुठूनही सुरुवात करा, फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच.

हा प्रश्न सहावी-सातवीच्या वर्गात ठेवून पाहा. ज्याची हातच्याची वजाबाकी अजून कच्ची आहे, त्याचा सराव होतो, आणि सात वजाबाक्यांत ६१७४ आली नाही तर कुठेतरी चुकलं हे त्याचं त्यालाच कळतं. ज्याचं लवकर झालं, त्याला सांगा, तीन अंक घेऊन बघ. तो ४९५ला पोचतो. वाटेत त्याच्या वहीत १९८, ७९२, ६९३, ५९४ असे आकडे पडतात आणि एखादी मुलगी विचारते, ‘मधला अंक दर वेळी नऊच का येतो?’ तिथे बीजगणित दारात येऊन उभं राहतं. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांतल्या फरकाची ९९ पट, एवढंच ते उत्तर असतं, पण ते तिचं तिने शोधायचं. आपण गप्प राहायचं. कोणी दोन अंक घेतं आणि ९, ८१, ६३, २७, ४५ या फेऱ्यात फिरत राहतं. कोणी पाच अंकांचा हट्ट धरतं. तिथे ६१७४सारखी एकच संख्या मिळत नाही, वेगवेगळी चक्रं मिळतात. एकाच तासाला, एकाच फळ्यावर, सगळ्यांना आपापल्या ताकदीचं काम. वेगळी तुकडी लागली नाही, की खर्च आला नाही. आणि अशा वेळी सगळ्यांत पुढे जाणारं मूल आपल्या यादीतलं असतंच असं नाही.

हे फक्त गणिताला लागू नाही. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळकरी वयातली ही मुलगी महार-मांगांच्या दुःखाबद्दल लिहिताना पेशवाईला आणि धर्मालाही जाब विचारते. त्या काळी तिच्याकडून कोणाची काय अपेक्षा होती, हे इथे सांगायला नको. तिच्या शिक्षकांनी मात्र तिला मोठा प्रश्न पेलू दिला.

बुद्धी ओळखण्यात आपली भाषाही आडवी येते. घरी पावरी, गोंडी, कोरकू बोलणारं मूल प्रमाण मराठीतल्या प्रश्नापुढे गप्प बसतं आणि आपण त्याला मागे टाकतो. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने महापालिका शाळांतल्या वंचित घरांतल्या मुलांबरोबर काम करताना भाषेच्या अडचणीकडे मुद्दाम लक्ष दिलं, आणि योग्य मदत मिळाल्यावर ही मुलं किती पुढे जातात हे दाखवलं. त्या कामाची आठवण प्रत्येक डी.एड., बी.एड. महाविद्यालयात जागती राहायला हवी.

आता मुख्याध्यापकांशी थेट बोलतो, कारण एकटा उत्साही शिक्षक हे करू लागला तर त्याची बदली झाली की सगळं संपतं. शाळेची सवय बदलायची ती शिक्षकांच्या खोलीतून. पाठ टाचणात एक ओळ वाढवा: ‘ज्याचं आधी होईल त्याला काय विचारणार?’ तास पाहायला जाल तेव्हा लॉगबुकात शिस्त आणि फलकलेखनाबरोबर या ओळीबद्दलही लिहा. महिन्यातली एक सभा परिपत्रकं बाजूला ठेवून फक्त प्रश्नांसाठी घ्या. एकाने आपला प्रश्न मांडावा, बाकीच्यांनी तो मुलांसारखा सोडवावा. कपाटातली पुस्तकं कुलपात ठेवू नका. हरवली तर हरवू द्या, त्याची जबाबदारी तुम्ही घ्या.

कौतुकही जपून करा. १९९८मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीच्या वयाच्या अमेरिकन मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. ज्यांना ‘तू हुशार आहेस’ असं सांगितलं होतं, त्यांच्यातल्या बहुतेकांनी पुढे सोपं काम निवडलं. ज्यांच्या कष्टांचं कौतुक झालं, ती अवघड कामाकडे वळली. आपल्याकडे पहिल्या नंबराचं मूल भित्रं का होतं, याचं एक कारण इथे आहे. चुकण्याची त्याला आपण परवानगीच ठेवलेली नसते.

माझ्यासमोरचे काही जण मनात म्हणत असतील, ‘वर्गात साठ मुलं, निम्म्यांना धड वाचता येत नाही, त्यात निवडणुकीची कामं आणि ऑनलाइन माहिती भरणं. हे कधी करायचं?’ तुमची तक्रार खरी आहे. अशैक्षणिक कामं कमी झाली पाहिजेत, ही मागणी मी या व्यासपीठावरून पुन्हा करतो. पण कच्च्या मुलांसाठी वेळ काढायचा की पुढच्यांसाठी, असा हा झगडा नाही. कापरेकरांच्या प्रश्नाने दोघांचंही काम झालं, हे आपण पाहिलं. द्विशिक्षकी शाळेतल्या गुरुजींना एकट्याने प्रश्न सुचणं कठीण, हे मला मान्य आहे. त्यासाठी आपल्या केंद्रातल्या शाळांची शिक्षण परिषद आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही विशेष आवड असलेल्या मुलांसाठी शाळा, शाळासंकुल आणि जिल्हा अशा पातळ्यांवर मंडळं चालवावीत असं म्हटलं आहे. त्याचा शासन निर्णय कधी निघेल याची वाट पाहत बसू नका. दर शनिवारी एक तास तुम्ही आजही काढू शकता.

दुपारच्या सत्रात विषयवार गट बसणार आहेत. प्रत्येक गटाने ठराव लिहिण्याऐवजी आपल्या विषयातले पाच प्रश्न लिहावेत, सोमवारी वर्गात नेता येतील असे. प्रत्येक प्रश्नाखाली मुलं कोणकोणत्या वाटांनी जातील, तेही नोंदवावं. कार्यवाहांनी ते छापून सर्व शाळांना पाठवावेत. पुढच्या वर्षी त्यांच्यासोबत मुलांनी दिलेली उत्तरंही छापू. मराठीच्या गटाला माझी एक खास विनंती आहे. ‘माझा आवडता ऋतू’ काही दिवस बाजूला ठेवा. आपल्या गावातली कोणती गोष्ट बदलली पाहिजे आणि का, हे ग्रामपंचायतीला पत्राने कळवायला मुलांना सांगा. ती पत्रं तपासून झाली की खरोखर ग्रामपंचायतीत नेऊन द्या, आणि सरपंचांकडून लेखी उत्तर मागा.