वाचनालयातील व्याख्याने आणि कार्यशाळा

महाराष्ट्रातील सार्वजनिक वाचनालयांचे काम पुस्तकांच्या देवघेवीवर थांबत नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. व्याख्यानांची परंपराही तशीच जुनी आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झाली.

वाचनालयांचे वर्ष ठरावीक तारखांभोवती फिरते. जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, तर नोव्हेंबरात १४ ते २० या काळात ग्रंथालय सप्ताह.

कार्यशाळांत सर्वांत मोलाची मोडी लिपीच्या वाचनाची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जमिनीचे दस्त, जमाखर्च आणि घरगुती पत्रे मोडीत लिहिली जात. या लिपीत शब्द सुटे लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही बहुधा पाळत नाहीत, त्यामुळे नुसती अक्षरओळख पुरत नाही. जाणत्या माणसासमोर बसून जुने कागद वाचण्याचा सराव करावा लागतो. घरोघरी ट्रंकेत पडलेले दस्त वाचू शकणारे लोक त्यातूनच तयार होतात.

अशा कार्यक्रमांची माहिती वाचनालयाच्या सूचनाफलकावर लागते. कार्यशाळेतील जागा मर्यादित असतात. इच्छुकांनी ग्रंथपालांकडे आधीच नाव नोंदवावे.