तोंडची हमी आणि कागदावरची हमी



जुनी मोटार विकताना व्यापारी सहा महिन्यांची हमी देतो; इंजिन बसले की ती विसरतो. अशा वेळी आम्ही कामगारांना सांगतो : आधी कागद, मग तंटा. पावती, हमीपत्र आणि दुसऱ्या मेकॅनिकचा लेखी दाखला जोडून नोटीस द्या, पोच ठेवा. दाद न लागल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दोन वर्षांच्या आत आपल्याच जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकिलाची सक्ती नाही. पोटासाठी स्वतः टॅक्सी चालविणाराही ग्राहकच ठरतो. म्हणून मोटार घेतानाच हमी लिहून घ्या, खाली सही-शिक्का घ्या. जीभ फिरते, सही फिरत नाही.