कचेरीचा वार आणि करदात्याचा वार



कचेरी कोणत्या वारी उघडी असावी, हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. पण रोजंदारीवर काम करणाऱ्या ज्या माणसाला घरपट्टीच्या बिलातली चूक दुरुस्त करून घ्यायची आहे, त्याला हे विचारून पाहा. चूक असेल दोनशे रुपयांची. पण ती दाखवायला त्याला एका दिवसाची मजुरी सोडावी लागते. त्या दिवशी साहेब जागेवर नसले, तर दोन दिवसांची. कोणत्याही पावतीवर न छापलेला हा कर तो मुकाट्याने भरतो.

कर देणाऱ्याला सोयीचे होईल अशा वेळी आणि अशा रीतीने कर घ्यावा, हे तत्त्व अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली आपल्या ग्रंथात मांडले. आपण त्यातला कर तेवढा घेतला, सोय मागे ठेवली!

आपली रविवारची सुट्टीही आकाशातून पडलेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षे खटपट केली, तेव्हा कुठे १८९० साली गिरणीमालकांनी ती मान्य केली. कामगाराला विसाव्याबरोबर घरची कामे उरकायला एक दिवस मिळाला. पण त्याच दिवशी कचेरीलाही कुलूप! २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांचा आठवडा पाच दिवसांचा झाला आणि शनिवारही गेला. त्याच्या बदल्यात रोजचे काम पाऊण तासाने वाढले, हे खरे. पण संध्याकाळी सव्वासहापर्यंत उघड्या असलेल्या कचेरीचा, सात वाजता सुटणाऱ्या माणसाला काय उपयोग?

कोणी म्हणेल, आता कर घरबसल्या मोबाइलवरून भरता येतो. येतो, आणि ती मोठीच सोय आहे. पण पैसे भरणे ही सोपी गोष्ट. वडिलांच्या पश्चात घर आपल्या नावावर लावायचे, चुकीच्या आकारणीवर हरकत घ्यायची, तर समोर माणूसच लागतो. यंत्राशी हुज्जत घालता येत नाही.

सुट्टीच्या दिवशी कचेरी उघडणे अशक्य आहे, असेही नाही. २०२५ साली ३० मार्चला रविवार होता आणि गुढीपाडवाही. दुसऱ्या दिवशी ईद. तरीही २९ ते ३१ मार्च हे तिन्ही दिवस देशभरची आयकर कार्यालये उघडी ठेवण्याचा आदेश निघाला होता. सरकारला वसुलीची निकड असली की रविवार आड येत नाही. मग नागरिकाला निकड असते तेव्हाच तो का आड यावा?

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. खिडकीमागचा कारकूनही नोकरदारच आहे. त्याची सुट्टी हिरावून आपली सोय करणे, हे लोखंडे यांच्या कार्याशी विसंगत ठरेल. म्हणून माझी मागणी माफक आहे. महिन्यातून दोन शनिवार, पाळीपाळीने, निम्म्या माणसांनी कचेरी चालवावी आणि त्यांना बदली सुट्टी आठवड्यातल्या दुसऱ्या वारी द्यावी. मात्र त्या दिवशी निर्णय देऊ शकणारा एक अधिकारी हजर हवा. नाहीतर उघडी कचेरी आणि बंद कचेरी यांत फरक तो काय?

कर देणारा माणूस याचक नाही. त्या कचेरीचा खर्च तोच चालवतो. महिन्यातून दोन दिवस तिने त्याच्या वेळेवर उघडावे, एवढेच त्याचे मागणे आहे.