परसातील फळझाडे आणि उंदीर
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत यांच्यानंतर व्याख्यानमालेत उंदरांची पाळी यावी, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्या या बंगळूर नगरीच्या इतिहासात उंदराला मानाचे नसले तरी महत्त्वाचे स्थान आहे. १८९८ साली येथे प्लेग आला. दाटीच्या पेठांतून लोकांनी मोकळ्या हवेत राहावे, या विचाराने बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या वसाहतींच्या उभारणीला वेग आला. घरामागचे परस आणि त्यातील नारळ, पेरू, चिकू ही काही अंशी त्या प्लेगाचीच देणगी होय.

आज त्याच परसात उंदीर मातले आहेत आणि 'झाडच तोडून टाकू' ही भाषा अनेक घरांत ऐकू येते. वडीलधाऱ्यांनी लावलेली झाडे उंदरांपायी जावीत, हे आम्हांला मान्य नाही. तशी गरजही नाही.

प्रथम शत्रू ओळखावा. बिळे करणारी घूस, म्हणजे येथील हेग्गण, जमिनीवर वावरते. झाडावर चढतो तो काळा घरउंदीर. नारळाच्या शेंड्यात तो घरटेही करतो. देठाजवळ भोक पडलेले कोवळे नारळ खाली सापडले, तर ते बहुधा त्याचेच काम. दिवसा कुरतडणारी खार आणि रात्री फळ पळवणारे वटवाघूळ यांचा दोष मात्र त्याच्या माथी मारू नये.

उंदीण सुमारे तीन आठवड्यांत विते. एका वेळी सहा-आठ पिल्ले होतात आणि तीही तीन महिन्यांत वीणीला येतात. हा संसार चालतो अन्नाच्या बळावर. मिझोरममध्ये सुमारे ४८ वर्षांनी एका जातीचा बांबू एकदम फुलतो, फळांच्या सुकाळात उंदीर अमाप वाढतात आणि फळे सरताच भातशेतीवर तुटून पडतात. १९५९ मध्ये तेथे यातूनच दुष्काळ पडला आणि २००६ ते २००८ या काळात पुन्हा तेच संकट आले. झाडाखाली सडणारा पेरू हा आपल्या परसातील बांबूचा बहरच आहे! म्हणून पडलेली फळे रोज सूर्यास्तापूर्वी उचलावीत, खरकटे झाकून ठेवावे. चिकू तयार होताच उतरवून घरात पिकवावेत.

दुसरा उपाय वाट अडवण्याचा. जमिनीपासून सुमारे दोन मीटर उंचीवर, चाळीस सेंटिमीटर रुंदीचा गुळगुळीत जस्ती पत्रा नारळाच्या खोडाभोवती घट्ट बसवावा. उंदराच्या नख्या त्यावर ठरत नाहीत. नारळाचे खोड वर्षानुवर्षे जाड होत नाही. आंब्याचे होते, तेथे पत्रा दरवर्षी सैल करावा, नाहीतर साल काचते. मात्र झावळ्या भिंतीला, तारेला वा शेजारच्या झाडाला टेकत असतील, तर पत्रा व्यर्थ. फांद्या छपरापासून दोन मीटर दूर ठेवाव्यात. वाळलेल्या झावळ्या काढून शेंडा स्वच्छ राखावा.

सापळ्याच्या बाबतीत धीर हवा. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. तीन-चार दिवस सापळा न लावता त्यात नुसते खोबरे ठेवावे आणि त्याची भीड चेपली की मग सापळा लावावा. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. विषाबद्दल आमचे मत प्रतिकूल आहे. घरात मुले असतात, मांजर असते. शिवाय आजची बरीच विषे उंदराच्या शरीरात टिकून राहतात आणि तो उंदीर खाणारे गव्हाणी घुबडही दगावते. रात्रभर फुकट राखण करणारा पहारेकरीच आपण मारतो.

शेवटी एक सांगावेसे वाटते. उंदराला कुंपण कळत नाही. आपले परस लख्ख आणि शेजारी फळांचा सडा, तर सारा खटाटोप पाण्यात जातो. सगळी गल्ली मिळून करील तेव्हाच यश येईल. मंडळाच्या पन्नास वर्षांत कानडी शेजाऱ्यांकडे आपण सणासुदीची ताटे पोचवली. आता संध्याकाळी टोपली घेऊन पडलेली फळे वेचण्याचे निमंत्रणही पोचवू या. असे झाले तर कोणाच्याही परसात झाडावर कुऱ्हाड चालवण्याची वेळ येणार नाही.