कोळशाचें जहाज ‘ब्युरेस्क’



समुद्रावरील युद्ध म्हटलें कीं तोफा, पाणतीर आणि मोठमोठ्या लढाऊ नौका डोळ्यांपुढें उभ्या राहतात. आज मी ज्या जहाजाची हकीकत सांगणार आहें, त्याच्या पोटांत मात्र केवळ कोळसा होता. त्याचें नांव ‘ब्युरेस्क’.

पणदऱ्यासारख्या नीरेच्या कालव्यावर जगणाऱ्या गांवच्या माणसानें आगबोटींची उठाठेव कशाला करावी, असें कोणी विचारील. पण ज्या १९१४ सालीं हें जहाज बुडालें, त्याच सालीं दौंडाहून आमच्या बारामतीस छोटी आगगाडी आली. तीही कोळशावरच चाले. गिरणी, आगगाडी आणि आगबोट या तिघींचा प्राण त्या काळीं एकच होता. मुंबईस लागणारा बंगालचा कोळसाही बराचसा कलकत्त्याहून सिलोनला वळसा घालून समुद्रमार्गानें येत असे.

१९१४ च्या ऑगस्टांत पहिलें महायुद्ध पेटलें, आणि सप्टेंबरांत ‘एम्डेन’ ही जर्मन युद्धनौका बंगालच्या उपसागरांत शिरली. कप्तान कार्ल फॉन म्युलर हा मोठा धूर्त. नौकेला तीन धुरांडीं होतीं. त्यानें चौथें खोटें उभें केलें, म्हणजे लांबून ती ब्रिटिशांचीच वाटावी! पकडलेल्या जहाजांवरील माणसांना आधीं सुखरूप उतरवावें आणि मग जहाज बुडवावें, हा त्याचा शिरस्ता होता. २२ सप्टेंबरच्या रात्रीं त्यानें मद्रासच्या तेलाच्या टाक्यांवर तोफा डागल्या. आजही तमिळ आणि मल्याळी बोलण्यांत वस्ताद माणसाला ‘एम्डन’ म्हणतात.

परंतु या वस्तादाची एक नड होती. आपल्या कोठारांतला कोळसा थोड्याच दिवसांत सरे, आणि या समुद्रावर त्याला स्वतःचें असें एकही बंदर नव्हतें. त्याच्याबरोबर ‘मार्कोमानिया’ हें कोळशाचें जर्मन जहाज होतें. ‘पोंटोपोरॉस’ हें ग्रीक जहाजही त्यानें धरलें होतें. पण त्यावरचा बंगाली कोळसा धूर फार करी आणि ताव कमी देई.

२७ सप्टेंबर रोजीं सिलोनच्या पश्चिमेस ‘ब्युरेस्क’ त्याच्या हातीं लागलें. ब्रिटिश आरमारासाठीं हाँगकाँगकडे चाललेला सुमारें ६,६०० टन वेल्सचा कोळसा त्यावर होता. कोळशांतला हा जणूं आंबेमोहोरच! म्युलरनें हें जहाज बुडविलें नाहीं. आपलीं माणसें घालून तें बरोबर घेतलें. पुढें दिएगो गार्सिया बेटाशीं त्यानें यांतलाच कोळसा भरून घेतला. युद्ध सुरू झाल्याची वार्ताही तेथील लोकांस नव्हती. इकडे १२ ऑक्टोबर रोजीं ‘यार्मथ’ या ब्रिटिश युद्धनौकेनें सुमात्राजवळ ‘मार्कोमानिया’ बुडविलें आणि ‘पोंटोपोरॉस’ परत घेतलें. आतां म्युलरचा मोठा भरंवसा ‘ब्युरेस्क’वर राहिला.

९ नोव्हेंबर रोजीं ‘एम्डेन’ कोकोस बेटांपाशीं आली. बिनतारी ठाणें मोडण्यासाठीं कांहीं माणसें किनाऱ्यावर उतरलीं. ‘ब्युरेस्क’ला कोळसा घेऊन येण्याचा निरोप गेला होता. थोड्या वेळानें क्षितिजावर धूर दिसला. आपलेंच जहाज आलें, अशी सर्वांची समजूत झाली. पण ती होती ‘सिडनी’ ही ऑस्ट्रेलियन युद्धनौका! ठाण्यानें मदतीची हांक आधींच दिली होती. लढाई झाली आणि गोळ्यांनीं चाळण झालेली ‘एम्डेन’ म्युलरनें किनाऱ्यावर घातली. तोंच खरें ‘ब्युरेस्क’ येऊन पोहोंचलें. ‘सिडनी’ पाठीस लागतांच त्यावरील जर्मनांनीं तळाच्या झडपा उघडून पाणी आंत घेतलें. ‘सिडनी’नें चार गोळे मारले आणि उरलेल्या कोळशासह जहाज तळाशीं गेलें.

शिवाजी महाराजांनीं गडांवर दारूगोळ्याबरोबर धान्याचीं अंबारखानीं बांधविलीं. कोठार रिकामें झालें कीं गड पडतो, हें ते जाणत होते. ‘ब्युरेस्क’ हें ‘एम्डेन’चें तरतें अंबारखानें होतें.

आणि अंबारखान्याइतकाच विसर माणसांचा पडतो. भट्टींत कोळसा लोटणारे आगवाले, डेकवरचे सारंग, तांडेल आणि खलाशी यांवर सारी आगबोट चाले. या चाकरींत आपल्या रत्नागिरीकडचे पुष्कळ लोक होते. दुसऱ्या महायुद्धांतही तेंच झालें. आमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यांत वालचंदनगर वसविणारे शेठ वालचंद हिराचंद हे १९१९ सालीं निघालेल्या सिंधिया कंपनीचे एक संस्थापक. तिचें ‘जलबाला’ हें जहाज ऑक्टोबर १९४३ मध्यें मलबारच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीनें बुडविलें.

मुंबईस मशीद बंदराजवळ खलाशांचें स्मारक आहे. पहिल्या युद्धांत समुद्रांतच निमालेल्या दोन हजारांहून अधिक जणांचें तें स्मरण आहे. दुसऱ्या युद्धांतील सुमारें सहा हजारांचीही तेथें नोंद आहे. मुंबईस वारंवार जाणारे आपण तेथें कितीदां थांबलों? पुढच्या खेपेस मुलांना घेऊन तेथें जावें, एवढीच माझी विनंती.