राक्षसाची जुळणी

माणूस देवांच्या मूर्ती घडवतो यात नवल नाही. नवल हे की, ज्याचे भय वाटते त्याचीही प्रतिमा तो तितकेच मन लावून घडवतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण पायाखाली चिरडतो ते कारीट म्हणजे नरकासुराची सर्वांत लहान प्रतिमा. गोव्यात हाच नरकासुर पुरुषभर, कधी माडीएवढा उंच होऊन गावोगाव उभा राहतो आणि उजाडायच्या आत जळतो. दिल्लीत हा मान रावणाचा.

पश्चिम दिल्लीत टागोर गार्डनजवळ तितारपूर नावाची वस्ती आहे. दसऱ्याच्या आधी कित्येक दिवस तेथे रावण, कुंभकर्ण आणि मेघनाद आकार घेत असतात. नवख्या माणसाला तेथे प्रथम राक्षस दिसतच नाही. दिसतात त्या बांबूच्या कामट्या, तारेची भेंडोळी, खळीची भांडी आणि रंगीत कागद. एकीकडे पाय, दुसरीकडे धडे, तिसरीकडे ओळीने मांडलेली झुबकेदार मिशांची मुंडकी. उंच रावण अखंड नेता येत नाही, म्हणून तो सुटा जातो आणि मैदानावर पोहोचल्यावर पुरा होतो.

याच शहरातील एखाद्या घरात मेजावर याच जातीचे दुसरे काम चाललेले असते. जपानी चित्रपटातील गॉडझिला या महाकाय प्राण्याचा वीतभर उंचीचा संच मुलाने उघडलेला असतो. पातळ चौकटींना चिकटलेले प्लॅस्टिकचे तुकडे, त्यांवर क्रमांक आणि सोबत चित्रांचा एक कागद, एवढेच त्याचे भांडवल. १९६४ साली अमेरिकेतील ऑरोरा कंपनीने काढलेला गॉडझिला चिकटवावा लागे. आजच्या पुष्कळशा संचांना चिकटद्रव्य लागत नाही. खुंटी भोकापेक्षा केसभर जाड ठेवलेली असते. दाब दिला की प्लॅस्टिक किंचित लवते, तिला वाट देते आणि मग घट्ट धरून ठेवते. ‘खट्’ असा आवाज आला की सांधा बसला. जोर फार झाला तर खुंटी मोडते, कमी पडला तर फट राहते. बोटांना हा विवेक कागदावरून शिकता येत नाही.

पडद्यावर हा प्राणी पन्नास मीटर उंच होता आणि आगगाड्या तोंडात धरीत होता. मेजावर त्याची शेपटी दोन अर्धुकांची निघते आणि आत पोकळी असते. पडद्याने दाखवलेले भय हात असे उकलून पाहतो. परंतु मुलाचे काम येथे संपले तरी वडीलधाऱ्यांचे संपत नाही. कारण या राक्षसाच्या मागे जे भय आहे ते पोकळ नाही.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर उदजन बाँबची चाचणी केली. त्याची शक्ती हिरोशिमावरील बाँबच्या सुमारे हजारपट होती. घोषित धोक्याच्या क्षेत्राबाहेर मासेमारी करणाऱ्या एका जपानी नौकेवर पांढरी राख पडली. नौकेचे नाव ‘भाग्यवान ड्रॅगन’ अशा अर्थाचे होते. तीवरील तेवीसही खलाशी आजारी पडले आणि बिनतारी यंत्र चालवणारे कुबोयामा सप्टेंबरात वारले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला इशिरो होंडा यांचा ‘गॉडझिला’ जपानात प्रदर्शित झाला. उदजन बाँबच्या स्फोटांनी समुद्रतळातून उठवलेला हा प्राणी. त्याची खडबडीत कातडी अणुबाँबने भाजलेल्यांच्या व्रणांवरून सुचली, असे सांगतात.

ही गोष्ट दिल्लीला परकी नाही. त्या स्फोटानंतर महिन्याभराने, २ एप्रिल १९५४ रोजी, पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या निदान स्थगित ठेवण्याचा करार व्हावा अशी मागणी केली. १९६३ साली हवेतील, पाण्याखालील आणि अवकाशातील चाचण्यांना बंदी घालणारा करार मॉस्कोत झाला. भूमिगत चाचण्या त्यातून सुटल्या आणि अस्त्रे उरलीच.

रावण आणि गॉडझिला यांत येथे मोठा भेद पडतो. रावण का जळतो हे दिल्लीतील लहान मुलालाही ठाऊक असते, कारण दहन होण्यापूर्वी कितीतरी रात्री रामलीलेने ती कथा त्याला सांगितलेली असते. गॉडझिलाच्या संचात क्रमांक असतात, बाण असतात, कथा नसते. तो जाळायचाही नसतो. तो पुस्तकांच्या फळीवर राहतो, आणि ज्या भयाचे तो रूप आहे तेही अजून जगात आहे.

म्हणून मुलाच्या शेजारी बसावे. तुकडे त्यालाच जोडू द्यावेत; आपण त्या नौकेविषयी, त्या राखेविषयी बोलावे. पाय, धड, शेपटी आणि मस्तक बसेपर्यंत तेवढी गोष्ट सहज सांगून होते.